कोल्ह्यासाठी बंदूक? : आवाज आणि उजेडाचं थोडं गणित

सर्वात आधी नावाचा घोळ मिटवू या. आम्ही कॉन्व्हेंटवाले. आमच्या इंग्लिश रीडरमध्ये द्राक्षं आंबट म्हणणारा प्राणी 'फॉक्स' होता आणि मराठीच्या तासाला तोच 'कोल्हा' व्हायचा. त्यामुळे बरीच वर्षं मला हे दोन्ही एकच वाटायचे. पण तसं नाही. आपल्याकडचा कोल्हा म्हणजे इंग्लिशमधला जॅकल. इंग्लिश फॉक्सचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड. तो अंगाने लहान आणि माळरानावर राहणारा. वसईच्या खाजणात, मिठागरांच्या बांधांवर आणि तिवरांच्या झाडीत जो ओरडतो तो कोल्हा. कुत्र्याच्याच कुळातला, साधारण आठ-दहा किलोचा. उंदीर, खेकडे, पडलेली फळं आणि आपण टाकलेलं उष्टं असं काहीही खाऊन राहणारा.

मी राहते एव्हरशाईन सिटीत, वसई पूर्वेला. हॉस्टेलवरचे विदर्भ-मराठवाड्यातले मित्र "तू तर मुंबईची" म्हणतात, पण आमच्याकडे रात्री कोल्हेकुई ऐकू येते हे सांगितलं की हसतात. मित्रांनो, यात हसण्यासारखं काही नाही. खाजणावर भराव पडत गेला, त्यावर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, आणि उरलेल्या तुकड्यात कोल्हे उरले. मुंबईतसुद्धा विक्रोळी, चारकोप, गोराई या भागांतल्या कांदळवनांत ते आहेत आणि मॅंग्रोव्ह फाउंडेशनसारख्या संस्था त्यांचा अभ्यास करतात.

आता मूळ मुद्दा. गेल्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोल्ह्यांचा विषय निघाला. लहान मुलं खाली खेळतात, त्यात २०२४ साली मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे भागात मेलेल्या काही कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडल्याची बातमी सगळ्यांनी वाचलेली. भीती खोटी नव्हती. एक काका म्हणाले, "इंग्लंडमध्ये रात्री लाईट मारून रायफलने उडवतात, सायलेन्सर लावला की शेजाऱ्यालासुद्धा कळत नाही. आपण परवानगी काढू या." दुसऱ्यांचं म्हणणं, बंदूक नको, खाजणाकडे तोंड करून मोठे हॅलोजन लावा. तिसऱ्यांचं म्हणणं, सुतळी बॉम्ब! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी 'इंजिनिअर'. अजून दोन सेमिस्टर बाकी आहेत, पण असो! मी ईएनटीसीची, म्हणजे डेसिबल आणि तरंगलांबी हे माझं रोजचं जेवण. म्हणून म्हटलं, हा प्रश्न एकदा नीट सोडवून बघू या.

काकांचं एक खरं आहे. ब्रिटनमध्ये शेतावर मेंढ्यांची पिल्लं आणि कोंबड्या वाचवायला रात्री फॉक्स मारतात आणि ते कायदेशीर आहे. वस्तीजवळ मारायचा झाला की त्यांच्यापुढे दोन अडचणी असतात, आवाज आणि उजेड. दोन्हींवर त्यांनी भरपूर डोकं चालवलेलं आहे.

बंदुकीचा आवाज एक नसतो, दोन असतात. पहिला नळीच्या तोंडाशी होतो. दारू जळून प्रचंड दाबाचा गरम वायू तयार होतो, गोळी बाहेर पडली की तो एकदम मोकळा होतो आणि धडाका होतो. मोठ्या रायफलीचा हा आवाज नळीजवळ १६० डेसिबलच्या आसपास जातो. कानाला कायमची इजा व्हायला एक बार पुरे. सायलेन्सर म्हणजे काय तर या वायूला एका नळकांड्यात, एकामागे एक पडदे लावून, थोडं थोडं पसरू द्यायचं आणि थंड होऊ द्यायचं. बुलेट मोटारसायकलच्या सायलेन्सरचं तत्त्व हेच. गंमत म्हणजे दोन्हींचा इतिहासही एकाच माणसापाशी येतो. हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन इंजिनिअरने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि गाड्यांच्या मफलरवरही काम केलं. त्याचे वडील म्हणजे मॅक्झिम मशीनगनचे जनक. बापाने आवाज वाढवला, मुलाने कमी केला!

पण सिनेमात दाखवतात तसा 'फुस्स' आवाज होत नाही. सायलेन्सरने साधारण २० ते ३० डेसिबल कमी होतात, म्हणजे १६० चे १३०. आवाज मोकळ्यावर अंतराने किती घटतो याचं सूत्र आपल्याला पाठच आहे : अंतर दुप्पट, की ६ डेसिबल वजा. एक मीटरवर १३० असेल तर १०० मीटरवर ४० वजा होऊन ९० उरतात. रात्री अकरा वाजता बेडरूमच्या खिडकीशी ९०! ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे. (इथे काटेकोर वाचक मला पकडतील. ४५ ही सरासरी पातळी आहे आणि बंदुकीचे आकडे क्षणिक शिखराचे, दोन्हींची सरळ वजाबाकी करता येत नाही. मान्य. पण झोपलेलं बाळ सरासरी काढत बसत नाही.)

दुसरा आवाज जास्त मजेशीर आहे. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर ती स्वतःच हवेत तडाखा उठवत जाते. खाडीत होडी गेल्यावर मागे पाण्याची व्ही-आकाराची लाट पसरते ना, तसा हवेत शंकू तयार होतो. ९०० मीटर प्रति सेकंद वेगाच्या गोळीसाठी ध्वनीचा वेग ३४५ धरला तर या शंकूचा अर्धकोन साईन इनव्हर्स ३४५ भागिले ९००, म्हणजे साधारण साडेबावीस अंश. हा आवाज नळीत होत नाही, गोळीच्या पूर्ण वाटेवर होतो. त्यामुळे सायलेन्सर त्याचं काहीच करू शकत नाही. वर आणखी भानगड म्हणजे ऐकणाऱ्याला तो भलत्याच दिशेने आल्यासारखा वाटतो, आणि दोन बिल्डिंगांच्या मध्ये तर भिंतींवरून तीन-चारदा आपटून येतो.

यावर उपाय म्हणजे गोळीच हळू मारायची. पॉइंट २२ नावाची छोटी गोळी ३२० मीटर प्रति सेकंदच्या आसपास ठेवली की ती ध्वनीच्या वेगाखाली राहते. इथे आपल्या हवामानाचा फायदाच आहे. शून्य अंशाला ध्वनीचा वेग ३३१ असतो, आपल्याकडे ३० अंशाला ३४९. सायलेन्सर लावल्यावर नळीजवळ ११५-१२० डेसिबल उरतात. प्रश्न सुटला? नाही. गोळीची ऊर्जा काढा. २.६ ग्रॅम वजन, ३२० वेग, अर्धा एम व्ही वर्ग : १३३ जूल. ब्रिटनमध्ये फॉक्ससाठी नेहमी वापरतात ती पॉइंट २२३ ची गोळी ३.६ ग्रॅमची आणि ९८० च्या वेगाची, म्हणजे १७०० जूलच्या वर. बारा-तेरा पट! म्हणून जाणकार शिकारी हळू गोळी अगदी जवळून आणि अगदी नेम धरूनच वापरतात, नाहीतर जनावर नुसतं जखमी होऊन पळतं. थोडक्यात, शांत बंदूक पुरेशी जोरदार नाही आणि जोरदार बंदूक शांत नाही. आणि आपल्या मूळ भीतीचा विचार केला तर वस्तीत फिरणारा जखमी, पिसाळलेला कोल्हा ही सगळ्यात वाईट गोष्ट.

रात्रीचा आणखी एक मुद्दा आमच्या वसईचा खास आहे. दिवसा जमीन तापलेली असते, वरची हवा थंड, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, वर उबदार हवेचा थर बसतो आणि आवाज खाली वळतो. म्हणूनच दिवसा न ऐकू येणारी लांबची लोकल रात्री शेजारून गेल्यासारखी वाटते, आणि कोल्हेकुईसुद्धा. कोल्हे खिडकीखाली आले असं वाटतं तेव्हा ते बऱ्याचदा खाजणाच्या पलीकडच्या बांधावर असतात! कोल्ह्याचा आवाज जसा आपल्याकडे वळतो तसा बंदुकीचाही वळणार, हे ओघाने आलंच.

आता उजेड. मांजर, कुत्रा, गाय, कोल्हा यांच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे एक चमकणारा थर असतो. पटलातून निसटलेला प्रकाश तो परत पाठवतो, म्हणजे अंधुक उजेडात पेशींना दुसरी संधी मिळते. उरलेला प्रकाश आला त्याच दिशेने बाहेर जातो, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. म्हणून टॉर्च कपाळाजवळ धरली तर दोन दिवे चमकताना दिसतात आणि कमरेजवळ धरली तर फारसे नाही. हॉस्टेलच्या मागे जाऊन करून बघा, एखादं कुत्रं तरी सापडेलच. आणि हीच तर गोम आहे. डोळे चमकले एवढ्यावरून तो कोल्हा, कुत्रा की वासरू हे ठरत नाही.

ब्रिटिश शिकारी टॉर्चवर लाल काच लावतात. त्याचंही कारण आहे. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात, एक ४३० नॅनोमीटरच्या आसपास आणि दुसरी ५५५ च्या. ६२० च्या पुढचा लाल रंग त्यांना फार मंद दिसतो. अजिबात दिसत नाही असं मात्र नाही. हल्ली लाल काचही मागे पडून थर्मल कॅमेरा आला. तो ८ ते १४ मायक्रोमीटरची, म्हणजे शरीराच्या उष्णतेची किरणं पाहतो आणि त्याला उजेड लागतच नाही. पण खिडकीच्या साध्या काचेतून ही किरणं जात नाहीत. म्हणजे थर्मलमधून पाहणाऱ्याला काचेमागे झोपलेला माणूस दिसत नाही. ही गोष्ट मी मीटिंगमध्ये सांगितली तेव्हा खोलीत पहिल्यांदा शांतता झाली.

कारण शेवटी गोळी कुठेतरी जातेच. एखादा माणूस उकिडवा बसून एक मीटर उंचीवरून ६० मीटरवरच्या कोल्ह्यावर नेम धरतो. जमिनीशी कोन किती? टॅन इनव्हर्स एक भागिले ६०, म्हणजे एक अंशसुद्धा नाही. इतक्या चपट्या कोनात गोळी पाण्यावर, दगडावर किंवा मिठागराच्या कडक तळावर पडली तर उसळते, लहानपणी आपण तळ्यात खापरी उडवायचो तशी. साधी पॉइंट २२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आणि एव्हरशाईनपासून दीड किलोमीटरच्या वर्तुळात काय नाही? शाळा, दवाखाने, मार्केट आणि हजारो खिडक्या. ब्रिटनमध्ये यासाठी उंच मचाणावरून खाली नेम धरतात आणि मागे मातीचा चढ असल्याशिवाय चाप ओढत नाहीत. आमच्याकडे चढ म्हणजे समोरची बिल्डिंग!

कायद्याचं सांगायचं तर तो रस्ता बंदच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. मूळ कायद्यात सूर्यास्तानंतर किंवा कृत्रिम उजेड वापरून शिकार करायला खास परवानगीशिवाय मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीत शिकारच बंद झाली, तेव्हा ही कलमं वेगळी ठेवायची गरज उरली नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-बिबट्यांच्या पंक्तीत. माणसाच्या जिवाला धोका झाला किंवा प्राणी बरा न होण्याइतका आजारी असला तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात, तीसुद्धा त्या ठरावीक प्राण्यासाठी. छऱ्याच्या बंदुकीने 'नुसतं घाबरवायचं' म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की जखमी करणं म्हणजेसुद्धा कायद्याने शिकार.

अशी परवानगी प्रत्यक्षात कधी मिळते? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यानंतर ४ नोव्हेंबरच्या रात्री थर्मल ड्रोनने शोधून आधी बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं, ते चुकलं, आणि मग गोळी घालावी लागली. उलट २०२४ मध्ये आमच्याच वसई किल्ल्यात बिबट्या आला तेव्हा काही आठवडे सगळ्यांची झोप उडाली होती, पण शेवटी तो पिंजऱ्यात सापडला, बंदूक लागली नाही. बिबट्याला हा क्रम, तर दहा किलोच्या कोल्ह्याला कुठला?

पण समजा कायदा नसता, आवाज शून्य असता आणि नेम अचूक असता, तरी? मला या सगळ्या वाचनात सर्वात जास्त पटलेली गोष्ट रायफलीच्या पुस्तकातली नाही, रेबीजच्या इतिहासातली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात फॉक्समधून रेबीज देशामागून देश पसरत गेला. सरकारांनी फॉक्सना गोळ्या घातल्या, बिळांत विषारी वायू सोडला. उपयोग झाला नाही, रोग पुढे सरकतच राहिला. कारण साधं आहे. एक जोडी मेली की तिचा इलाका रिकामा होतो, तिथे आजूबाजूची तरुण जनावरं घुसतात, हिंडणं-फिरणं आणि भांडणं वाढतात, चावे वाढतात. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये वेगळा प्रयोग झाला : कोंबडीच्या मुंडक्यांत तोंडावाटे द्यायची लस भरून ती जंगलात टाकली. फॉक्सनी ती खाल्ली आणि लस घेतलेल्या जनावरांचा जणू बांधच तयार झाला. हीच पद्धत मग इतर देशांनी उचलली आणि १९९९ मध्ये स्वित्झर्लंड रेबीजमुक्त जाहीर झाला. जे काम हजारो गोळ्यांना जमलं नाही ते कोंबडीच्या मुंडक्यांना जमलं.

आपल्याकडे कोल्ह्यांना अशी लस सोसायटीने द्यायची नाही, ते वनखात्याचं काम. पण रेबीज आपल्यापर्यंत येतो तो मुख्यतः कुत्र्यांकडून, आणि गल्लीतल्या कुत्र्यांना लस टोचून घेणं आपल्या हातात आहे. पालिकेकडे आणि प्राणिमित्र संस्थांकडे त्यासाठी पाठपुरावा करता येतो. आम्ही एका रविवारी कुत्र्यांची यादी केली. निम्म्यांना नावं होती, लस किती जणांना आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

हॅलोजनवाल्या काकांचा हिशोबही करून टाकू. ५० वॅटचा एलईडी फ्लडलाइट साधारण ५००० ल्युमेन देतो आणि तो १२० अंशांत पसरतो. ५००० ला पाय ने भागा, अंदाजे १६०० कँडेला. १०० मीटरवरच्या बांधावर उजेड पडतो १६०० भागिले १०० चा वर्ग, म्हणजे ०.१६ लक्स. पौर्णिमेचं चांदणं इतकंच असतं! कोल्ह्याला आपण बिल भरून रोज पौर्णिमा देणार. आणि समोरच्या विंगची १० मीटरवरची बेडरूम? तिथे १६ लक्स, झोपेचं खोबरं. शिवाय वॉचमनच्या डोळ्यावर झगझगाट आला की बाहुली लहान होते आणि दिव्याच्या कडेचा अंधार त्याला आणखी काळा दिसतो. कोल्हा त्या कडेनेच जाणार. सुतळी बॉम्बचं तर बोलूच नका. रात्री १० नंतर आवाजाचे फटाके वाजवायला नियमाने बंदी आहे, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कोल्ह्यालाही कळतं की नुसताच आवाज आहे.

मग शेवटी काय केलं? कोल्हा येतो कशाला, ते बघितलं. कंपाउंडच्या मागच्या बाजूला उघडा ओला कचरा होता, आणि जवळच कोणीतरी चिकनच्या दुकानाचा कचरा खाजणात ओतून जायचं. कचऱ्याला उंदीर, उंदरांना आणि कचऱ्याला कोल्हे. तिथे झाकणाचे डबे आले, कचरा रात्री बाहेर ठेवायचा नाही असं ठरलं, भिंतीखालची दोन भगदाडं जाळीने बुजवली. दिवे काढले नाहीत, फक्त खाली वळवले आणि वर पत्र्याची टोपी बसवली. मागच्या कोपऱ्यात ९ वॅटचा दिवा आणि हालचाल ओळखणारा सेन्सर लावला, म्हणजे कोणी आलं तरच पेटतो. त्या सेन्सरचं सर्किट माझं आहे, फर्स्ट इयरच्या मुलांना हवं असेल तर देईन. कोल्हेकुई अजून ऐकू येते. कंपाउंडच्या आत मात्र महिन्याभरात वॉचमनकाकांना एकदाच कोल्हा दिसला, तोही भिंतीवरून वाकून बघून परत गेला म्हणे.

हॉस्टेलच्या मेसच्या मागचा ड्रम मी मुद्दाम पाहून आले. झाकण नाही. रेक्टर सर हा अंक वाचतात असं ऐकून आहे.

थोडी कामाची माहिती. रात्री कोल्हा दिसणं हे आजाराचं लक्षण नाही, रात्री फिरणं हा त्याचा धंदाच आहे. भर दिवसा माणसाला न घाबरता अंगावर येणारा, झोकांड्या खाणारा किंवा समोर येईल त्याला चावणारा कोल्हा संशयास्पद. त्याच्या जवळ जायचं नाही, दगड मारायचे नाहीत, वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा. मेलेला सापडला तरी हात न लावता कळवायचं, कारण रेबीजची तपासणी मेंदूवरून होते आणि तो शाबूत लागतो. चावला किंवा ओरखडलं तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. जंगली प्राण्याचा चावा गंभीर वर्गात धरतात, त्यामुळे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते डॉक्टरांना स्वतःहून विचारा. लसीच्या पुढच्या तारखा परीक्षेच्या दिवशी आल्या तरी चुकवायच्या नाहीत.